ओट्यावरचा आवाज

१

शैलजाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी दर शनिवारी सकाळी त्या तीन सेकंदांपुरत्या घरात यायच्या.

पुरुषोत्तमराव आंघोळ उरकून, चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसायचे. घर लेकीचं, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत. शेजारी नात रुही, मांडीवर सीरियलचा वाडगा घेऊन. टीव्हीवर एका बीव्हरचं कार्टून लागायचं. तो बीव्हर लोकांचे गळके नळ दुरुस्त करत हिंडायचा. त्यात पुरुषोत्तमरावांना काही रस नव्हता. ते शेवटाची वाट बघायचे. नावांची पट्टी सरकून गेली की स्वयंपाकघरातला ओटा दिसायचा. नळाखाली दोन हात यायचे, टाळी वाजायची, उडालेल्या थेंबांची ओ, टी, ए अशी तीन अक्षरं व्हायची, आणि एक बाई म्हणायची, "चला, हात धुवा!"

'ओटा' ही जावयाची, देवदत्तची, कंपनी. चार वर्षांपूर्वी, दोन हजार तीनमध्ये, हॉपकिन्सच्या जुन्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर कॉम्प्युटर मांडून सुरू केलेली, म्हणून ते नाव. शेवटच्या त्या चित्रात देवदत्तला 'संपलं!' असं हवं होतं. शैलजाबाईंनी डोळे वटारले होते. भरल्या घरात संपलं म्हणायचं नसतं. मग काय म्हणू, आई? त्या म्हणाल्या, मुलांचं टीव्ही बघून झालं की मी काय म्हणते, तेच म्हण. तेव्हापासून अर्थ न कळता अमेरिकेतली पोरं जेवणाआधी 'चला हाट ढुवा' ओरडायची. पुरुषोत्तमरावांना त्याचा केवढा अभिमान! मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, ओळख असो नसो, ते सांगायचे, "तो आवाज आमच्या हिचा."

ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारी मालिकेचा नवा सीझन सुरू झाला. चित्र नवं, एचडी, थेंब न् थेंब दिसणारं. टाळी वाजली. बाई म्हणाली, "चला, हात धुवा!"

पुरुषोत्तमरावांनी कप खाली ठेवला.

"हा शैलजाचा आवाज नाही."

"इट्स द सेम, आजोबा," रुही म्हणाली.

"काहून सेम? ही कोण बाई आहे? रुचे, इकडे ये!"

रुचा दारातच उभी होती. "बाबा, साउंड नव्याने मिक्स केलाय. म्हणून वेगळं वाटत असेल."

"अडतीस वर्षं संसार केला मी. मला आवाज कळत नाही? ही दुसरी कुणी आहे. टाळीबरोबर बांगड्या वाजतात हिच्या. हिचा आवाज घोगरा आहे. माझी बायको काढून तिथे कुणीतरी दुसरीच बाई घातली!"

पुरुषोत्तमराव नागपूरला विमा कंपनीत दावे तपासायचे. आगी, अपघात, चोऱ्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची सवय गेली नव्हती. रुचा एरवी त्यांच्याशी मिठावरूनही वाद घालायची. आज तिने चेहराच फिरवला. रिमोट उचलून तिने टीव्ही बंद केला.

२

"बाबा, तुम्ही चॅनेलला ईमेल केलात?"

दोन आठवड्यांनी, ऑफिसातून आल्या आल्या देवदत्त दारात बूट न काढताच विचारत होता.

"केला. घरात कुणी ऐकून घेईना, मग काय करणार? माझ्या दिवंगत पत्नीचा आवाज परवानगीशिवाय बदलला आहे, चौकशी व्हावी. चार ओळी लिहिल्या."

"मला विचारायचं तरी."

"तुम्हाला चारदा विचारलं, देवदत्तराव. तुम्ही दरवेळी म्हणालात, बघतो."

देवदत्त जिन्याच्या पायरीवर बसला. पुरुषोत्तमरावांनी त्याला असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

"त्यांचं उत्तर आलंय. मंजूर झालेला आवाज न कळवता कुणी बदलला, त्याचं नाव द्या. तो माणूस आमच्या मालिकेवर पुन्हा काम करणार नाही. शुक्रवारपर्यंत."

"मग द्या नाव."

"आपल्याकडे ही एकच मालिका आहे, बाबा. साउंड करणारा एकच मुलगा आहे. सिद्धेश. मालिकेवर नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे व्हिसा नाही. त्याची बायको आत्ता महिन्याभरापूर्वी आलीय."

"त्याने केलं असेल तर त्याने भोगावं."

बोलून झाल्यावर पुरुषोत्तमरावांना ते वाक्य जरा जड वाटलं. पण परत घ्यावं इतकंही नाही. सिद्धेश या घरात कितीदा जेवला होता! शैलजाच्या हातची वांग्याची भाजी दोनदा मागून घेणारा पोरगा, आणि तिचाच आवाज पुसतो?

दुसऱ्या दिवशी ते देवदत्तबरोबर ऑफिसात गेले. सिद्धेश एका खोलीत बसला होता. भिंतींना स्पंज लावलेला, खिडकी नाही.

"काका, बसा ना आधी."

"बसायला नाही आलो. तो आवाज ऐकव."

सिद्धेशने मोठ्या स्पीकरवर लावला. घरच्या टीव्हीवर कळत नव्हतं ते इथे कळत होतं. टाळी, काचेच्या बांगड्यांची किणकिण, घोगरा आवाज. आणि त्या सगळ्याच्या मागे, फार लांब, काहीतरी घुमलं.

"हे काय वाजलं?"

"घुबडासारखं आहे ना? मी पण खूप ट्राय केलं, काका, निघतच नाही. काढायला गेलं की आवाजच खराब होतो. टीव्हीवर नाही कळत कुणाला."

"म्हणजे रेकॉर्डिंग रात्रीचं?"

सिद्धेशने मान खाली घातली. "ते मला नाही माहीत."

"हे बदललं कुणी? तू?"

"मीच लावलं, काका."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

सिद्धेशने स्पीकर बंद केला.

"ही बाई कोण?"

"काका, प्लीज. चॅनेलला माझं नाव गेलं तरी चालेल. पण हे मला नका विचारू, यार... सॉरी. सॉरी, काका."

एवढा व्हिसा पणाला लावून हा मुलगा कुणाला झाकतोय? पुरुषोत्तमराव घरी येईपर्यंत तोच विचार करत होते. असं माणूस एकाच व्यक्तीसाठी करतं. आणि त्या व्यक्तीच्या हातात, गेल्या आठवड्यात मंडळाच्या भोंडल्याला त्यांनी स्वतः पाहिलं होतं, हिरवा चुडा होता.

३

सिद्धेशचं अपार्टमेंट तळ्याच्या पलीकडे होतं. पुरुषोत्तमराव चालत गेले. त्याच्या बायकोने, स्वानंदीने, दार उघडलं, काका आले म्हणून वाकून नमस्कार केला. किणकिण वाजली. पुरुषोत्तमरावांना वाटलं, सापडली.

तिने पोहे केले. त्यांनी खाल्ले. आपण आलोय कशासाठी आणि खातोय काय, असंही मनात आलं, पण प्लेट खाली ठेवता येईना.

"स्वानंदी, एक वाक्य म्हणून दाखव. चला, हात धुवा."

तिने कढईवरून मान वर केली. मग गॅस बंद केला.

"मला वाटलंच होतं. काका, तुम्ही माझ्या बांगड्या ऐकायला आलात?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. सिद्धेश चार रात्री झोपला नाहीये. म्हणून दाखवते. चला, हात धुवा!"

आवाज बारीक, शाळेतल्या मुलीसारखा. तिने मुद्दाम टाळीही वाजवली.

"हा आहे का तो आवाज?"

"नाही."

"आमचं लग्न जुलैमध्ये झालं. मी इथे आले गणपतीनंतर. तो आवाज चॅनेलकडे गेला जूनमध्ये. तेव्हा मी पुण्यात पत्रिका वाटत होते. आईला विचारा हवं तर, नंबर देते."

पुरुषोत्तमरावांचे कान तापले. हयातभर लोकांच्या घरी जाऊन असे प्रश्न विचारले होते, पण ते अनोळखी लोक असायचे, आणि कुणी पोहे करून ठेवायचे नाहीत.

"चुकलं माझं, पोरी."

ती जरा निवळली. "राहू दे, काका. या बांगड्यांनी सगळ्यांनाच ताप दिलाय. सिद्धेश घरी काही रेकॉर्ड करायला बसला की म्हणतो, काढ, माइकमध्ये येतात. साउंडवाल्यांचा नियमच आहे म्हणे तो. पण आईने सांगितलंय, पहिली दिवाळी होईपर्यंत हात मोकळे ठेवायचे नाहीत. मी आपली दुसऱ्या खोलीत जाऊन बसते."

पुरुषोत्तमराव उठता उठता थांबले.

"हात मोकळे ठेवायचे नाहीत," ते म्हणाले.

"हो. तुमच्याकडे नाही मानत?"

"मानतात. आमची ही तर फार मानायची."

त्यांना ऑपरेशनचा दिवस आठवला. नर्स साबण लावून शैलजाच्या बांगड्या काढायला आली, तेव्हा शैलजाने हात मागे घेतला होता. आधी ह्यांना दोरा बांधू दे. पुरुषोत्तमरावांनी दोन्ही मनगटांना दोरा बांधला, मग तिने बांगड्या काढू दिल्या. अडतीस वर्षांत तिचं मनगट त्यांनी मोकळं पाहिलं नव्हतं. आणि ती गेली तेव्हाही हिरव्या बांगड्या भरूनच गेली.

"काका, पाणी देऊ का? बसा, तुम्ही पांढरे पडलाय."

"नाही. मला घरी जायला हवं. एक टेप बघायचीय."

४

जुन्या सीझनच्या टेपा त्यांच्या खोलीत होत्या. शैलजा गेल्यापासून रोज दुपारी ते एक लावायचे, शेवटाला न्यायचे, ऐकायचे, मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे. आज त्यांनी शब्दांकडे लक्ष दिलं नाही. टाळी ऐकली.

कोरडी टाळी. काचेचा कण नाही त्यात.

पुन्हा लावली. कोरडीच.

हे त्यांनी किती वेळा ऐकलं होतं! आणि नव्या आवाजात बांगड्या आहेत म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. पण बांगड्यांवाल्या बाईच्या टाळीत बांगड्या वाजणारच. विचारायला हवं होतं ते हे, की जुन्या टाळीत त्या का नाहीत?

रेकॉर्डिंगसाठी काढल्या असतील? शैलजाने? मरणाच्या दारात जिने दोऱ्यावाचून काढल्या नाहीत, ती जावयाच्या कार्टूनसाठी काढेल?

मग ते घुबड. पुरुषोत्तमराव पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी पाहणीला गेल्यासारखं ते जुनं घर डोळ्यांपुढे आणलं. हॉपकिन्सचं स्वयंपाकघर. ओटा. फ्रीज. फ्रीजच्या वर भिंतीवर ते पक्ष्यांचं घड्याळ, रुहीच्या बारशाला शेजारणीने दिलेलं. दर तासाला वेगळा पक्षी बोलायचा. बाराला घुबड. भर दुपारी स्वयंपाकघरात घुबड घुमतं म्हणून शैलजा चिडायची, हे अवलक्षणी घड्याळ फेकून द्या म्हणायची. शेवटी ते फेकायची वेळ आली नाही. दोन हजार पाचला या घरी येताना खोक्यातून पडलं आणि फुटलं.

म्हणजे नवा आवाज नवा नव्हताच. तो फुटण्याआधीच्या घड्याळाखालचा होता. जुन्या घरातला, दुपारी बाराचा. सिद्धेश कंपनीत आला त्यानंतर वर्षाने. त्याने तो तयार केलेला असणं शक्य नव्हतं.

त्या घरात काचेच्या बांगड्या घालून ओट्यापाशी उभी राहणारी बाई कोण होती?

एकच होती.

पुरुषोत्तमरावांना उत्तर मिळालं होतं आणि ते नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपला तर्क चुकावा. ते खाली गेले. रुचा कपड्यांच्या घड्या घालत होती.

"रुचे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी जो ऐकत होतो, तो आवाज तुझा ना?"

५

रुचाने हातातला टॉवेल छातीशी धरला.

"बाबा, मी तुम्हाला कधीच सांगणार नव्हते."

"आता सांग."

"त्या दिवशी तुम्ही डेंटिस्टकडे गेला होता. देवदत्तने आईला ओट्यापाशी उभं केलं. तिने एकदम छान म्हटलं. पण बांगड्या वाजत होत्या. देवदत्त म्हणाला, आई, पाच मिनिटं काढता का. ती नाही म्हणाली. त्याने दोन-तीनदा विचारलं, ती हसून नाहीच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी चॅनेलला पाठवायचं होतं. मग मी स्टुडिओत जाऊन म्हटलं. आईसारखं. तिला सांगायला वेळच मिळाला नाही, आणि मग ते टीव्हीवर लागलं."

पुरुषोत्तमरावांना तो शनिवार आठवत होता. ते सोफ्यावरून उठून उभे राहिले होते. अगं शैलजा, तुझा आवाज! नागपूरला तीन फोन लावले होते.

"तुम्ही एवढे खूश झालात. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईने तुमच्या पाठीमागून असं केलं." रुचाने ओठांवर बोट ठेवलं. "नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, राहू दे गं. त्यांना आनंद झालाय."

"हसली का?"

"हसली."

"खरं सांग."

रुचाने टॉवेलची घडी करून बाजूला ठेवली. "हसली. पण त्या दिवशी ती जेवली नाही, बाबा."

पुरुषोत्तमराव खुर्चीत बसले. तीन वर्षं ती दर शनिवारी त्यांच्या शेजारी बसली होती. तीन वर्षं ते तिच्या गुडघ्यावर थाप मारून लोकांना सांगत होते, हा आमच्या हिचा आवाज. आणि ती मान डोलवायची.

"मग आता का बदललास?"

"एचडीसाठी सगळंच नव्याने करायचं होतं. जुनी डिस्क सापडली. मला वाटलं, वर्षश्राद्धाआधी आई एकदा खरंच टीव्हीवर येऊ दे. बांगड्यांसकट. सिद्धेशला मीच सांगितलं, कुणाला बोलू नको." तिने टॉवेल पुन्हा उलगडला. "मला वाटलं होतं, तुम्ही ऐकाल आणि आपोआप ओळखाल. तुम्ही म्हणालात, ही कोण बाई. त्यानंतर मी काय सांगणार होते?"

तिने लॅपटॉप आणला. पूर्ण रेकॉर्डिंग लावलं. टाळी, शब्द, घुबड. मग देवदत्तचं 'बांगड्या काढता का', मग नाही म्हणणारं हसू. आणि शेवटी तीच घोगरी बाई, माइकपासून लांब जाता जाता, "बाई गं, बारा वाजले. हे येतील आता दात काढून. काही चावता यायचं नाही त्यांना. मऊ भात टाकते."

तो भात त्यांना आठवत होता. वर साजूक तूप होतं. भात आठवत होता, वाढणारा हात आठवत होता. आवाज आठवत नव्हता. जिथे तो असायला हवा होता तिथे टेपेतली रुचा बसली होती, रोज दुपारी त्यांनीच तिला तिथे बसवलं होतं.

"रुचे, तुझा दोष नाही," ते म्हणाले.

६

शुक्रवारी ते स्वतः, रुचाला बरोबर घेऊन, ओटाच्या ऑफिसात गेले. आधी सिद्धेशच्या खोलीत जाऊन त्यांनी हात जोडले. सिद्धेश घाबरून उभा राहिला. "काका, काय करताय! हात खाली घ्या." त्यांनी घेतले नाहीत. स्वानंदीलाही बोलावून घेतलं होतं. त्या दोघांसमोर त्यांनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. स्वानंदीने नजर चुकवली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग देवदत्तने चॅनेलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे लिंडा नावाच्या बाई होत्या. पुरुषोत्तमराव शब्द जुळवत इंग्रजीत बोलले. तक्रार मी केली होती. ती खोटी होती. मुद्दाम नाही, पण खोटी. आधीचा आवाज माझ्या मुलीचा होता, माझ्या पत्नीचा आत्ताचा आहे. मला ओळखता आला नाही. यात या मुलाची काही चूक नाही.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"आय अॅम सो सॉरी, सर," लिंडाबाई म्हणाल्या. आणि मग, चाचरत, "मला हे विचारायला आवडत नाही. पण फाइलमध्ये नोंद लागेल. आत्ता लागतो तो आवाज तुमच्या पत्नीचाच आहे, हे कुटुंबातल्या कुणीतरी ओळखून सांगायला हवं. तक्रार तुमची होती, तर तुम्हीच सांगितलंत तर हा विषय इथेच संपेल. तुम्ही ओळखता ना?"

देवदत्त म्हणाला, "बाबा, हवं तर मी सांगतो."

"नाही. सिद्धेश, लाव."

सिद्धेशने आवाज लावला. टाळी. किणकिण. "चला, हात धुवा!"

पुरुषोत्तमरावांनी डोळे मिटून ऐकलं. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. कोणी परकी बाई बोलत होती. चांगली, हसतमुख बाई. ती कोण हे त्यांना तर्काने ठाऊक होतं, कानाने नाही.

"येस," ते म्हणाले. "शी इज माय वाइफ."

"थँक यू, सर. दॅट्स ऑल वी नीड."

फोन बंद झाला. सिद्धेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि स्वानंदी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. देवदत्त पाणी आणायला धावला. जो तो सुटला होता.

रुचा वडिलांपाशी येऊन हळूच म्हणाली, "बाबा, ओळखलात ना? आत्ता तरी?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिला हो हवं होतं. पण घरात त्यांच्या आनंदासाठी एकीने आयुष्यभर हो म्हटलं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. आणि सिद्धेशकडे वळून, खाली मान घालून, "तुला वेळ असेल तर मला अजून एकदा ऐकव, पोरा."